रूळ ओलांडण्याचे गणित

जालना जिल्ह्याचा नकाशा घ्या आणि त्यावर मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग शोधा. पश्चिमेकडून तो बदनापूरला येतो, तेथून जालना शहरात शिरतो आणि पुढे रांजणी, परतूर ही स्टेशने घेत परभणीकडे जातो. निजामाच्या राजवटीत, १९०० च्या सुमारास, हा मार्ग मीटरमापी म्हणून सुरू झाला. १९९० नंतरच्या दशकात तो रुंदमापी झाला. आता त्यावर विजेच्या तारा आल्या आहेत. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून ती नांदेडहून धावू लागली.

नकाशावर ही एक बारीक काळी रेघ दिसते. प्रत्यक्षात ती अनेक ठिकाणी गावाला त्याच्या शेतांपासून, वस्तीला शाळेपासून आणि घराला पाणवठ्यापासून वेगळे करते. माणसे तर रोज इकडून तिकडे जाणारच. म्हणून जेथे फाटक नाही तेथेही खडीवरून गेलेली एक मळलेली पायवाट आपल्याला दिसते. अशा ठिकाणी रूळ ओलांडणे हा रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे. परंतु केवळ मनाई केल्याने पायवाट पुसली जात नाही. तेथे सुरक्षित वाट हवी असेल तर ती आखावी लागते आणि तिच्यासाठी पैशाची तरतूद करावी लागते. या दोन्ही गोष्टींची सुरुवात मोजण्यापासून होते. त्यासाठी लागणारे बहुतेक गणित तुमच्या शाळेच्या पुस्तकातच आहे. ते क्रमाने पाहू या.

गाडी लगेच का थांबत नाही?

पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते. या दोहोंतील घर्षण फार कमी असते, आणि म्हणूनच एक इंजिन हजारो टन माल ओढू शकते. पण ज्या कमी घर्षणामुळे गाडी सहज चालते त्याच कमी घर्षणामुळे ती सहज थांबत नाही. रबरी टायर आणि डांबरी रस्ता यांच्यातील घर्षणांक सुमारे ०.७ असतो. चाक व रूळ यांच्यात तो ०.२ च्या आसपास असतो, आणि ओल्या रुळावर त्याहूनही कमी. शिवाय लांब मालगाडीत ब्रेकच्या नळीतील हवेच्या दाबातील बदल शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचण्यास काही सेकंद लागतात.

थांबण्याचे अंतर काढण्याचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे :

अंतर = (वेग × वेग) ÷ (२ × मंदन)

समजा, प्रवासी गाडीचा वेग ताशी ११० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०.६ मीटर आहे, आणि ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला वेग ०.५ मीटर प्रतिसेकंद इतका घटतो. सूत्रात या किमती घातल्या की सुमारे ९३५ मीटर येतात. चालकाला धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत ३ सेकंद गेले असे धरले तर त्यात आणखी ९० मीटर मिळवा. एकूण अंतर एक किलोमीटरहून थोडे जास्त झाले. मालगाडीचा वेग ताशी ७५ किलोमीटर आणि मंदन याच्या निम्मे धरले, तरी उत्तर एक किलोमीटरच्या आसपासच येते. हे उदाहरण तुम्ही स्वतः सोडवून पाहा.

या एका किलोमीटरचा अर्थ मराठवाड्याने फार दुःखद रीतीने अनुभवला आहे. ८ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर लोहमार्गाच्या कडेने पायी गावाकडे निघाले होते. गाड्या बंद आहेत असे समजून, थकलेले ते लोक बदनापूर आणि करमाड यांच्या दरम्यान रुळांवरच झोपले. पहाटे आलेल्या मालगाडीच्या चालकाला ते दिसले, त्याने गाडी थांबवण्याचा प्रयत्नही केला. पण १६ जणांचे प्राण गेले. चालकाला दिसणे आणि गाडी थांबणे यांच्यामध्ये केवढे अंतर असते, ते वरील सूत्र सांगते. म्हणून पहिला नियम असा, की माणूस वाचवण्याचे काम ब्रेकवर सोपवता येत नाही. माणूस आणि गाडी एकाच वेळी एका जागी येणारच नाहीत, अशी रचना करावी लागते.

डोळा का फसतो?

“गाडी येताना दिसते, मग पाहून ओलांडले तर काय बिघडले?” असे कोणी म्हणेल. या प्रश्नाचे उत्तरही गणिताने देऊ.

गाडीचा डबा सुमारे ३.२५ मीटर रुंद असतो आणि तो रुळांच्या बाहेर दोन्ही बाजूंना लोंबतो. त्यामुळे एकेरी मार्गावर धोक्याची पट्टी निदान ५ मीटर रुंद धरली पाहिजे. शाळकरी मूल किंवा डोक्यावर ओझे असलेला माणूस खडीवरून सेकंदाला १ मीटर चालतो असे माना. पट्टी ओलांडण्यास ५ सेकंद आणि दोन्हीकडे पाहून निर्णय घेण्यास ३ सेकंद, असे ८ सेकंद हवेत. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्या वेळात सुमारे २४५ मीटर येते. म्हणजे गाडी २४५ मीटरांवर असताना, “ती किती वेगाने येत आहे?” याचा बिनचूक अंदाज आपल्याला करता आला पाहिजे.

तो करता येतो का? समोरून येणाऱ्या वस्तूचा वेग आपला डोळा सरळ मोजत नाही. वस्तूची प्रतिमा किती झपाट्याने मोठी होते यावरून मेंदू वेग ताडतो. वस्तू आपल्या डोळ्याशी जो कोन करते तो दर सेकंदाला किती वाढतो, हे काढण्याचे सूत्र असे :

कोनाच्या वाढीचा दर = (रुंदी × वेग) ÷ (अंतर × अंतर)

ही वाढ सेकंदाला सुमारे ०.००३ रेडियनपेक्षा कमी असली तर बहुतेकांना वेगाचा अंदाज करता येत नाही, असे प्रयोगांत आढळले आहे. गाडीची रुंदी ३ मीटर आणि वेग सेकंदाला ३० मीटर धरून पुढील उत्तरे येतात :

अंतर ९०० मीटर : ०.०००११ रेडियन
अंतर ६०० मीटर : ०.०००२५ रेडियन
अंतर ३०० मीटर : ०.००१ रेडियन
अंतर १७० मीटर : ०.००३१ रेडियन

पाहिलेत? गाडी १७० मीटरांवर येईपर्यंत ती जवळजवळ एकाच जागी उभी असल्यासारखी भासते. मग एकाएकी ती “अंगावर येते”, आणि तेव्हा हाती उरतात जेमतेम साडेपाच सेकंद. निर्णय घ्यायचा असतो २४५ मीटरांवर, आणि डोळा खरे सांगू लागतो १७० मीटरांवर! रूळ ओलांडताना फसलेला माणूस दर वेळी निष्काळजी असतोच असे नाही. ज्या कामासाठी डोळा घडलेला नाही ते काम आपण त्याच्याकडून करवून घेत असतो.

एकाचे दोन मार्ग होतात तेव्हा

३१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) ते परभणी या मार्गाच्या दुहेरीकरणास मंजुरी दिली. सुमारे १७७ किलोमीटर लांबीच्या या कामाचा अंदाजित खर्च सुमारे २,१७९ कोटी रुपये आहे. हा मार्ग आपल्या जिल्ह्यातून आरपार जातो. दुहेरी मार्ग झाल्याने गाड्यांचा खोळंबा कमी होईल, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पायवाटेवरच्या माणसासाठी हिशेब बदलतो.

दोन मार्गांच्या मध्यरेषांत सुमारे ५ मीटर अंतर असते. म्हणजे धोक्याची पट्टी ५ मीटरांऐवजी १० मीटर होते. लागणारा वेळ १० अधिक ३, असा १३ सेकंद. तेवढ्या वेळात गाडी सुमारे ४०० मीटर येते, आणि त्या अंतरावर डोळ्याला मिळणारी सूचना आवश्यकतेच्या एक पंचमांश इतकीच असते. काठी टेकत सेकंदाला ०.६ मीटर चालणाऱ्या आजींना तर जवळजवळ २० सेकंद लागतील. त्यांच्यासाठी गाडी ६०० मीटर दूर असली पाहिजे. याहून मोठा धोका असा की, एका मार्गावरील गाडी दुसऱ्या मार्गावरून येणाऱ्या गाडीला झाकून टाकते आणि तिचा आवाजही बुडवते. एक गाडी गेली म्हणून पाऊल टाकावे, तोच दुसरी समोर येते.

आणखी एक मोजमाप करू. एखाद्या पायवाटेवरून दिवसात ६०० वेळा माणसे ये-जा करतात असे समजा. एकेरी मार्गावर दर वेळी ५ सेकंद धरले तर ३,००० सेकंद, म्हणजे दिवसातील ५० मिनिटे, कोणी ना कोणी रुळांवर असते. दुहेरी मार्गावर हीच बेरीज १०० मिनिटे होते. पायवाट तीच, माणसे तीच. धोक्यातील वेळ मात्र दुप्पट.

वरून जावे की खालून?

रूळ न ओलांडता पलीकडे जाण्याचे दोन उपाय आहेत : पादचारी पूल आणि भुयारी मार्ग. यांतील निवड आवडीनिवडीने न करता उंचीच्या हिशेबाने करावी.

विद्युतीकरणानंतर रुळांवर सुमारे साडेपाच मीटर उंचीवर २५,००० व्होल्टची तार असते. त्यामुळे पुलाचा चालण्याचा भाग रुळांपासून ७ मीटर तरी वर न्यावा लागतो. पायरी १५ सेंटीमीटरची धरली तर सुमारे ४७ पायऱ्या झाल्या. भुयारी मार्गात माणसाला अडीच मीटर उंची आणि वरच्या स्लॅबसाठी व खडीसाठी सुमारे एक मीटर, असे साडेतीन मीटर पुरतात. चढउतार निम्म्यावर आला.

५० किलोग्रॅम वजनाच्या विद्यार्थ्याने ७ मीटर चढण्यास ५० × ९.८ × ७ = ३,४३० जूल कार्य होते. साडेतीन मीटरांस त्याच्या निम्मे. ऊर्जेच्या दृष्टीने हे फार नाही. पण सायकल, दुधाची किटली, गवताचा भारा किंवा चाकांची खुर्ची पायऱ्यांवरून कशी नेणार? तेथे उतरण हवी. दर १२ मीटरांस १ मीटर चढ हे प्रमाण धरले तर पुलाला प्रत्येक बाजूस ८४ मीटर लांब उतरण लागेल आणि भुयारी मार्गाला ४२ मीटर. जमीन किती लागेल हे यावरून कळते.

जमिनीचा उंचसखलपणा मात्र यातील बरेच काम फुकटात करतो. लोहमार्ग जेथे चार मीटर उंच भरावावरून जातो, तेथे भुयारी मार्गासाठी खणावे लागत नाही. वाट सरळ भरावाखालून जाते. जेथे तो खोल खोदणीतून जातो, तेथे पूल दोन्ही काठांच्या पातळीतच बसतो आणि पायऱ्या लागतच नाहीत. म्हणून जागा ठरवण्यापूर्वी गावाच्या हद्दीत रूळ जमिनीपेक्षा कोठे किती उंच वा खोल आहेत याचा छेद काढावा.

पण जागा पायवाटेपासून फार दूर असू नये. पूल ३०० मीटर दूर बांधला तर जाण्यायेण्याचे ६०० मीटर वाढतात. सेकंदाला १ मीटर चालणाऱ्यास त्यासाठी १० मिनिटे लागतात. रुळांवरून मात्र १० सेकंदांत पलीकडे जाता येते. असा पूल उद्घाटनानंतर रिकामा राहतो. लोकांनी चालून चालून केलेली पायवाट हाच पहिला आराखडा आहे, हे लक्षात ठेवावे.

पावसाचा हिशेब

भुयारी मार्गाचा मोठा शत्रू म्हणजे पाणी. साडेतीन मीटर खोल भुयाराच्या दोन उघड्या उतरणी, प्रत्येकी ४२ मीटर लांब व ३ मीटर रुंद, यांचे क्षेत्रफळ २५२ चौरस मीटर होते. एका जोराच्या सरीत ५० मिलिमीटर पाऊस पडला तर १२.६ घनमीटर, म्हणजे १२,६०० लिटर पाणी खाली उतरेल. भुयाराचा तळ १० मीटर लांब व ३ मीटर रुंद असेल, तर उतरणीवर पसरणारे पाणी वजा जाऊनही तेथे सुमारे ३० सेंटीमीटर पाणी साचेल. लहान मुलाच्या ते गुडघ्यापर्यंत येईल. मग मुले पुन्हा रुळांवर चढतील.

सेकंदाला १० लिटर पाणी उपसणारा पंप हे पाणी २१ मिनिटांत काढतो. त्याहून चांगले म्हणजे उतरणीवर छप्पर घालणे आणि आजूबाजूच्या शेतांतील पाणी आत येऊ नये म्हणून तोंडाशी उंचवटा करणे. आपल्या भागातील काळी जमीन पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. त्यामुळे पाया आणि भिंती यांचा खर्चही त्या हिशेबानेच धरावा लागतो.

कोण मोजतो आणि कोण पैसे देतो?

फाटकाच्या जागी उड्डाणपूल हवा की नको, हे ठरवताना रेल्वे ‘गाडी-वाहन एकके’ मोजते. दिवसातील गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरील वाहनांची संख्या, असा हा गुणाकार आहे. मोटार किंवा बैलगाडी म्हणजे एक, ऑटोरिक्षा म्हणजे अर्धा. हा गुणाकार एक लाखावर गेला की उड्डाणपुलाचा विचार होतो, असा दंडक दीर्घकाळ वापरला गेला आहे. या गुणाकारात पायी चालणाऱ्याला मात्र किंमत नाही. दिवसाला ४० गाड्या आणि ५०० वाहने असली तर उत्तर २०,००० येते. ४० गाड्या आणि शाळेला जाणारी ६०० मुले असली तर उत्तर शून्य येते! ज्याची मोजदाद होत नाही त्याच्यासाठी तरतूदही सहसा होत नाही.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ साली या गोष्टीकडे देशाचे लक्ष वेधले. रूळ ओलांडताना व रुळांवर शिरल्यामुळे देशात दर वर्षी सुमारे १५,००० माणसे मरतात आणि त्यांतील सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर, असे समितीने नोंदवले. पाच वर्षांत सर्व फाटके काढून तेथे पूल वा भुयारी मार्ग करण्यास ५०,००० कोटी रुपये लागतील आणि गाड्या सुरळीत चालल्याने होणाऱ्या बचतीतून ही रक्कम सात-आठ वर्षांत भरून निघेल, असाही तिचा हिशेब होता. त्यानंतर जानेवारी २०१९ पर्यंत रुंदमापी मार्गांवरील सर्व बिनपहाऱ्याची फाटके बंद झाली. पण जेथे फाटक कधी नव्हतेच, अशा पायवाटा या यादीत येत नाहीत.

आता कायदा पाहा. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६ प्रमाणे, लोहमार्गामुळे लगतच्या जमिनींच्या वापरात जो अडथळा येतो तो दूर करण्यासाठी ओलांडणी, मोऱ्या, वाटा इत्यादी करून देणे रेल्वेवर बंधनकारक आहे. मात्र मार्ग वाहतुकीस खुला झाल्यावर दहा वर्षांनी नव्या कामांची ही जबाबदारी संपते. त्यानंतर कलम १७ लागू होते : जमीनमालक, राज्य शासन किंवा स्थानिक संस्था अधिक कामांची मागणी करू शकते, परंतु रेल्वेच्या संमतीने आणि स्वतःच्या खर्चाने. आपला जुना मार्ग १९०० च्या सुमाराचा. म्हणजे ती दहा वर्षे आपल्या पणजोबांच्या काळातच संपली!

याउलट जालना–जळगाव हा १७४ किलोमीटरचा नवा मार्ग केंद्र शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये, सुमारे ७,१०६ कोटी रुपये खर्चाचा, मंजूर केला आहे. तेथे दहा वर्षांचे घड्याळ अजून सुरूच झालेले नाही. ज्या गावांच्या शिवारातून हा मार्ग जाईल त्यांनी आपल्या वाटा आराखड्याच्या वेळीच दाखवल्या, तर त्या त्यातच बसू शकतात. दुहेरीकरणाचेही तसेच आहे. नवा मार्ग टाकण्यापूर्वी त्याच्या खालचा काँक्रीटचा भाग उघड्यावर सहज बसवता येतो. तोच पुढे चालत्या गाड्यांखाली बसवायचा तर रुळांना तात्पुरता आधार द्यावा लागतो, गाड्या हळू चालवाव्या लागतात किंवा रोखाव्या लागतात, आणि खर्च वाढतो.

अंदाजपत्रक कसे करावे?

अंदाजपत्रकाचे दोन भाग करावेत. पहिला एकदाच होणारा खर्च : खोदाई, काँक्रीट, पोलाद, उतरणी, छप्पर, निचरा, जमीन, आणि रेल्वेकडून होणाऱ्या कामाचे व देखरेखीचे पैसे. प्रत्येक कामाचे परिमाण घनमीटर किंवा चौरस मीटरमध्ये काढून त्याला सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीतील दराने गुणावे. दुसरा भाग दर वर्षी होणाऱ्या खर्चाचा : दिवे, पंप, झाडलोट, दुरुस्ती. हाच भाग बहुधा विसरला जातो.

उदाहरणार्थ, २० वॅटचे ६ दिवे रोज १२ तास जळले तर वर्षाला सुमारे ५२६ युनिट वीज लागेल. २ किलोवॉटचा पंप पावसाळ्यात एकूण ९० तास चालला तर १८० युनिट. एकूण ७०६ युनिट. दर ८ रुपये धरला तर सुमारे ५,६५० रुपये. रक्कम लहान आहे. पण ती ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात लिहिलेली नसेल, तर पहिल्याच पावसाळ्यात भुयार अंधारे आणि पाण्याने भरलेले राहील व बांधकामाचा सारा पैसा वाया जाईल.

मोठ्या रकमेची भीती वाटू नये म्हणून एक तुलना करा. दुहेरीकरणाच्या २,१७९ कोटींना १७७ किलोमीटरने भागले तर दर मीटर लोहमार्गास सुमारे सव्वा लाख रुपये येतात. समजा, पादचाऱ्यांच्या एका वाटेस १ कोटी रुपये लागले. तर ती रक्कम सुमारे ८० मीटर लोहमार्गाइतकी झाली. एवढ्या अंतरासाठी गाडीला तीन सेकंदही लागत नाहीत.

तुम्ही काय करू शकाल?

आपल्या शिक्षकांबरोबर, रेल्वेच्या हद्दीबाहेर राहून, हा उपक्रम करा. रुळांजवळ जाऊ नका; दुरून सर्व काही मोजता येते.

१. सकाळी ६ ते सायंकाळी ७ पर्यंत पाळीपाळीने बसून पायवाटेवरून किती माणसे गेली ते नोंदवा. विद्यार्थी, वृद्ध, ओझे घेतलेले आणि सायकल घेतलेले असे रकाने करा.
२. त्याच वेळात गेलेल्या गाड्या मोजा.
३. माणसे गुणिले सेकंद, हा धोक्यातील वेळ एकेरी व दुहेरी मार्गासाठी काढा.
४. गावाचा कच्चा नकाशा काढून त्यावर शाळा, वस्ती, पाणवठा, जवळचे फाटक आणि भरावाखालील जुन्या मोऱ्या दाखवा.
५. हे एका पानावर लिहून ग्रामसभेपुढे ठेवा आणि सभेच्या ठरावाला जोडून रेल्वेच्या नांदेड विभागाकडे पाठवण्याची विनंती करा.

कदाचित तुमचे आकडे कच्चे असतील, पण त्यामुळे पायी चालणाऱ्यासमोर लिहिलेल्या शून्याच्या जागी एक खरी संख्या येईल. दुहेरीकरणाचे व नव्या मार्गाचे आराखडे पक्के होण्याआधी ती पोहोचली, तर तिचा सर्वांत जास्त उपयोग होईल.